चार बोटं पाणी

इथं जमीन समुद्राच्या खाली आहे.
वर समुद्र, मध्ये बांध, खाली आम्ही,
आणि सकाळ-संध्याकाळ कालव्यातल्या काठीवरचा आकडा
वहीत उतरवणारा मी, योखम, पंपघराचा राखणदार.

फ्रीसलंडच्या या गावात
माणसं एकमेकांना पाण्यात पाहतात.
खरोखरच पाहतात. अलीकडच्या काठावरून गेरलोफ
पलीकडच्या वीत्स्केकडे बघायचा
तेव्हा ती त्याला उलटी दिसायची,
डोकं खाली, पाय आभाळात.
तिलाही तो तसाच.

गेरलोफ गाईंचा. म्हणायचा, पाणी उतरवा,
ट्रॅक्टर रुततोय, गवत सडतंय.
वीत्स्के कुरणातल्या पाखरांची. म्हणायची, चढवा,
लांब चोचीला ओली माती लागते,
आणि आपल्या घरांखालच्या लाकडी खांबांनाही.
चाळीस वर्षं, दर ऑक्टोबरात, चर्चमागच्या खोलीत
तेच टेबल, तीच आल्याची बिस्किटं, तेच भांडण.
निकाल काय, तर चार बोटं वर
नाहीतर चार बोटं खाली.
मला वाटायचं, एवढ्यासाठी एवढा घसा कशाला फोडायचा?

मग एका वर्षी गेरलोफनं तिला पाणी पाजलं.
नऊच्या नऊ खुर्च्या त्याच्या.
बैठक अकरा मिनिटांत आटोपली.
बिस्किटांचा डबा कोणी उघडलासुद्धा नाही.

पंप मीच चालवले, रात्रंदिवस.
खरं सांगू? मलाही बरं वाटलं.
आकडा एकाच दिशेनं जायचा,
वहीत खाडाखोड नाही.
दोन उन्हाळे सोन्यासारखे गेले,
टाच आपटली तर जमीन वाजायची.

पण आमची माती म्हणजे पीट,
हजारो वर्षांचं शेवाळ, बुडालेलं म्हणून टिकलेलं.
तिला वारा लागला की ती जळते,
ज्वाळेविना, धुराविना, कुणाला न सांगता.
जितकं पाणी आम्ही खाली ढकललं
तितकी जमीन त्याच्या मागोमाग गेली,
जसा वाद जिंकलेला माणूस
हरलेल्याच्या मागे मागे फिरतो,
अजून काही बोलेल म्हणून.

चारशे वर्षं पाण्यात शाबूत राहिलेले खांब
हवेत भुसभुशीत झाले.
चर्चचा मनोरा पूर्वेला झुकला.
सहाव्या वर्षी पहिली भेग पडली
ती गेरलोफच्याच गोठ्याला, हात जाईल एवढी.
आणि समुद्र?
तो जागचा हलला नव्हता.
तरी उंच झाला होता.

नोव्हेंबरात वीत्स्केच्या धक्क्यापाशी
मी काठीवरचं शेवाळ खरवडत होतो.
गेरलोफ आला, टोपी हातात.
दारातच म्हणाला,
"बैठकीला ये. माझ्या विरुद्ध बोल."
"आणि मी जिंकले तर?"
"तर माझ्या चुलीत बेडूक."
ती हसली नाही. म्हणाली,
"माझा आजा जिंकला होता एकदा, पुरता.
मेंढ्यांचे खूर कुजले, तीन घरांना कुलूप लागलं.
पाखरं तेवढी होती. बघायला कोणी नव्हतं."

मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.
एक बदक आमच्यामधून पोहत गेलं.

"चार बोटं चढवू," गेरलोफ म्हणाला.
"सहा," ती म्हणाली.
"सहा? वेड लागलंय का तुला, बाई?"
"तुझ्या गोठ्याची भेग मोजलीस का, शहाण्या?"
आवाज चढत गेले. पलीकडच्या घरात दिवा लागला,
कोणीतरी खिडकी उघडली, ऐकायला.

ते कितीवर थांबले, मला ठाऊक नाही.
मी पंपघरात परतलो
आणि दोनांपैकी एक पंप बंद केला.
कुणाला विचारलं नाही, वहीतही लिहिलं नाही.

पाणी चढताना दिसत नाही.
सकाळी फक्त
कालचा आकडा बुडालेला असतो.